वाचकांचे प्रश्न : देणगी, वेळ आणि संस्थेची पारख

प्रश्न : मी गोरेगाव (पश्चिम) येथे राहतो आणि नुकताच नोकरीतून निवृत्त झालो आहे. मिळालेल्या रकमेपैकी ५० हजार रुपये आपल्या भागातील एखाद्या संस्थेला द्यावेत आणि आठवड्यातील थोडा वेळही द्यावा, अशी इच्छा आहे. परंतु मोबाइलवर इतकी आवाहने येतात की कोणावर विश्वास ठेवावा, हेच कळत नाही. संस्थेची पारख कशी करावी?

उत्तर : आपल्या भागातील संस्था शोधण्याचा आपला विचार योग्य आहे, कारण जवळच्या संस्थेचे काम स्वतः जाऊन पाहता येते. विलेपार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून कार्यरत आहे. आपल्या गोरेगावातच मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केलेला केशव गोरे स्मारक ट्रस्ट आहे. अशा जुन्या संस्थांबद्दल शेजारीपाजारी विचारले तरी पुरेशी माहिती मिळते. नव्या किंवा लहान संस्थेच्या बाबतीत मात्र कामाच्या वेळी प्रत्यक्ष जाऊन यावे. बालगृहात पूर्वपरवानगीशिवाय आत सोडले नाही, तर रागावू नये. वाटेल त्याला मुलांपर्यंत जाऊ न देणारी संस्था आपले काम नीट करीत आहे, असे समजावे.

त्यानंतर कागदपत्रे पाहावीत. महाराष्ट्रातील धर्मादाय संस्थेची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते आणि मुंबईसाठी हे कार्यालय वरळीला आहे. पावतीवरील नोंदणी क्रमांकाआधी ‘ई’ असेल तर तो धर्मादाय न्यास असतो, आणि ‘एफ’ असेल तर ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली संस्था असते. कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली स्थापन झालेल्या संस्थांचा मार्ग वेगळा असल्याने त्यांच्याकडे हा क्रमांक नसला, म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत. नोंदणी हा किमान पुरावा आहे, कामाचे प्रशस्तिपत्र नव्हे. त्यासाठी वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण झालेला ताळेबंद मागावा. कार्यवाहांनी तो कपाटातून काढून पुढ्यात ठेवला, तर निम्मे काम झाले. ‘सीएंकडे आहे, नंतर पाठवतो’ असे उत्तर दोनदा मिळाले, तर दुसरी संस्था पाहावी. ताळेबंदात पगारावरील खर्च दिसला की अनेक देणगीदारांच्या कपाळाला आठ्या पडतात. ते मला पटत नाही. वृद्धाश्रमात रात्रपाळीला जागणाऱ्या सेविकेचा पगार हेच तिथले खरे सेवाकार्य आहे.

रक्कम देण्यापूर्वी ती कशासाठी हवी आहे, हे संस्थेलाच विचारावे. देणगी कायम निधीत दिल्यास मुद्दल ठेवीत राहते आणि फक्त व्याज वापरले जाते. ५० हजारांचे वर्षाचे व्याज साधारण साडेतीन हजार रुपये धरले, तर एखाद्या केंद्राचे महिन्याचे वीजबिलही त्यातून भागेलच असे नाही. नावाची पाटी लागावी म्हणून कायम निधीचा आग्रह धरला जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. चालू खर्चासाठी म्हणून दिलेले पैसे संस्थेला बहुधा अधिक उपयोगी पडतात. धनादेशासोबत तसे पत्र अवश्य द्यावे.

आयकराविषयी थोडक्यात सांगायचे तर, ज्याला सगळे ‘८०-जी’ म्हणतात ती सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही. आणि २ हजार रुपयांपेक्षा अधिक देणगी रोखीने दिल्यास ती जुन्या प्रणालीतही मिळत नाही.

वेळेबद्दल सांगायचे तर ठरलेला वार आणि ठरलेले तास पाळता येत असतील, तरच होकार द्यावा. पंधरा ऑगस्टला आणि दिवाळीत मदतीला येणाऱ्यांची आणि मिठाईच्या खोक्यांची रीघ लागते. जूनमधल्या पावसाळी मंगळवारी अभ्यासिकेत मुलांना गणित शिकवायला कोणी नसते. आपल्याला हिशेबाची सवय असेल, तर लेखापरीक्षणापूर्वी पावतीपुस्तके आणि बँकेची नोंद जुळवून देणारा माणूस बहुतेक लहान संस्थांना हवाच असतो.

प्रश्न : आईच्या निधनानंतर घरात चाकाची खुर्ची, वॉकर, कमोड खुर्ची आणि हवेची गादी पडून आहे. हे कोणाला द्यावे? (मुलुंड)

उत्तर : उपनगरांतील अनेक सेवासंस्था आणि ज्येष्ठ नागरिक संघ रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालवतात, तेथे अनामत रक्कम घेऊन असे साहित्य नाममात्र भाड्याने किंवा विनामूल्य वापरायला दिले जाते. नेण्यापूर्वी दूरध्वनी करावा, कारण केंद्राची जागा बहुधा एका खोलीपुरतीच असते आणि वॉकर तेथे ढिगाने असतात. खुर्चीचे ब्रेक लागतात का आणि पायाच्या दोन्ही पट्ट्या जाग्यावर आहेत का, ते पाहावे. हवेची गादी पंप लावून रात्रभर फुगवून ठेवावी. सकाळी ती बसलेली दिसली, तर देऊ नये. न फोडलेली प्रौढांची डायपर घेतली जातात, उघडलेली औषधे नाहीत.

प्रश्न : लोकलमध्ये आजारी मुलाचा फोटो आणि डबा घेऊन येणाऱ्यांना पैसे द्यावेत का? (बोरिवली)

उत्तर : धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची असल्यास सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-सी प्रमाणे धर्मादाय आयुक्तांना कळवावे लागते, तसा कागद आहे का, हे विचारावे. फोटोतील मूल खरोखर आजारी असले, तरी डब्यातले पैसे त्याच्यापर्यंत पोहोचतात का, हे डब्यात उभे राहून ठरवता येत नाही. रुग्णालाच मदत करायची असेल, तर महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतील वैद्यकीय समाजसेवा विभागात जावे. कोणत्या रुग्णाचे कोणते औषध अडले आहे, हे तेथील समाजसेवा अधिकारी सांगतात. गरजू कुटुंब ओळखीचे असेल, तर त्यांना आणखी एक गोष्ट सांगावी : धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवणे बंधनकारक आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते, म्हणून ती दाखल करतानाच जवळ ठेवावी.