समुद्रात कयाकिंग आणि कयाकमधून मासेमारी सुरू करायची आहे, कोणती पुस्तकं वाचू?

आधी डेरेक हचिन्सन यांचं ‘द कम्प्लीट बुक ऑफ सी कयाकिंग’ वाचा, मग मासेमारीसाठी स्कॉट नल आणि जोएल मॅकब्राइड यांचं ‘कयाक फिशिंग: द अल्टिमेट गाइड’. क्रम हाच ठेवा. गळ टाकणं लवकर जमतं, पण उलटलेल्या कयाकमध्ये खोल पाण्यातून परत चढणं सरावाशिवाय जमत नाही. भरती-ओहोटी आणि सागरी नकाशे समजायला डेव्हिड बर्च यांचं ‘फंडामेंटल्स ऑफ कयाक नेव्हिगेशन’ आहे. ‘सी कयाकर्स डीप ट्रबल’ तर मिळवाच: त्यात खऱ्या अपघातांची चिकित्सा आहे, आणि थंड पाणी हातांतलं बळ किती झपाट्याने काढून घेतं हे मला त्यातूनच नीट कळलं. मात्र परत चढण्याचा सराव पुस्तकातून होत नाही. तो लाइफ जॅकेट घालून, जाणकारासोबत, किनाऱ्याजवळच करा.