कृषी सल्ला : सौर प्रकल्पाला मुरमाड रान द्या, काळी जमीन नको

प्रश्न : सबस्टेशनजवळ आठ एकर आहे. पाच काळी, तीन मुरमाड. एजंट म्हणतो सगळी द्या, यंदा पेरू नका. काय करू?

काळी देऊ नका. मेगावॉटला साधारण चार-पाच एकर सलग लागते, म्हणून एजंट सगळा गट मागतो. त्यापेक्षा शेजाऱ्याचं मुरमाड रान जोडून घ्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खांबांचा पायाही तिथे महाग पडतो.

आणि पेरणी थांबवू नका. एजंटच्या शब्दावर खरीप पडीक ठेवला आणि रब्बी आली तरी कराराचा पत्ता नाही, अशी शेतं मी अनेक गावांत पाहिली आहेत. नोंदणीकृत भाडेकरार होऊन ताबा देईपर्यंत पेरायचं. टोकन घेऊ नका, नोंदणी फी म्हणून कुणाला पैसे देऊ नका, कुलमुखत्यारपत्रावर तर सही अजिबात नको. भाडं ताब्याच्या दिवसापासून सुरू होईल, वीज सुरू झाल्यापासून नव्हे, हे करारात लिहून घ्या.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खासगी जमिनीला वर्षाला हेक्टरी १,२५,००० रुपये किंवा जमिनीच्या ठरलेल्या किमतीच्या ६ टक्के, यातलं जास्त ते भाडं. दरवर्षी ३ टक्के वाढ. चौकशी थेट महावितरणकडे करा, एजंटकडे नाही.

प्रश्न : प्रकल्पाच्या कुंपणाला लागून कपाशी आहे. पानं भेंडीच्या पानासारखी निमुळती झाली. दुकानदाराने व्हायरस सांगून दोन औषधं दिली.

व्हायरस नाही. पॅनेलखाली टू-फोर-डी हे तणनाशक मारलं असणार, ते वाऱ्याने तुमच्याकडे आलं. दुकानदाराची औषधं परत करा. बिघडलेले शेंडे खुडा, हलकं पाणी द्या, दोन टक्के युरियाची एक फवारणी घ्या. त्याआधी फोटो काढा आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) बोलावून पंचनामा करून घ्या. शेंडे खुडल्यावर पुरावा राहत नाही.

प्रश्न : माझ्याच जमिनीवरच्या प्रकल्पात ठेकेदार तणनाशकाचा दुप्पट डोस मारतो. म्हणतो, दुकानदारानेच सांगितलं, वर्षभर गवत येणार नाही.

ताबडतोब थांबवा. डोस डब्यावर लिहिलेला असतो, दुकानदाराच्या तोंडी नसतो. भाडेकरार संपल्यावर ही जमीन तुम्हालाच कसायची आहे. दुप्पट मारून गवत मुळासकट गेलं की उघडी माती पहिल्याच मोठ्या पावसात ओघळ पाडून जाते आणि उन्हाळ्यात तिचीच धूळ काचांवर बसते. मग काचा धुवायला पाणी तुमच्याच विहिरीचं मागतात.

पॅनेलखाली मारवेल आणि स्टायलो ही चाऱ्याची पिकं लावा, मेंढ्या चारा. शेळ्या नको, त्या वर चढतात, केबल कुरतडतात. पॅनेलची खालची कड जमिनीपासून मीटरभर तरी वर हवी, नाहीतर मेंढरू आत शिरत नाही. नव्याने जमीन देणाऱ्यांनी हे आराखडा ठरतानाच सांगावं. खांब रोवल्यावर कंपनी उंची बदलत नाही.