घरात दमा-ॲलर्जी आहे. बाळाला रोज मॉइश्चरायझर लावलं तर इसब टळतो का?

टळतोच असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्याच्याकडे क्रीमची एजन्सी आहे का ते आधी विचारा.

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याला दमा, तुम्हाला शिंका, बाळ महिन्याचं आणि सासूबाई म्हणतात खोबरेल असताना क्रीम कशाला. आमच्याकडेही हेच. यांना लहानपणापासून दमा, नणंदेला धुळीचं वावडं. म्हणून लेकाच्या जन्मापासून मी रोज आंघोळ झाली की अंग नुसतं टिपून, ओलसर असतानाच बिनवासाचं क्रीम लावायचे. आमच्या गावात मिळायचं नाही, सावंतवाडीहून मागवायचे. तरी चौथ्या महिन्यात गाल आधी खरखरीत, मग लाल झाले, लस यायला लागली. झोप आली की पोर माझ्या खांद्यावर गाल घासायचं आणि ब्लाउजच्या शिवणीवर रक्ताचे बारीक ठिपके उमटायचे.

गणपतीला थोरल्या जाऊबाई डोंबिवलीहून आल्या. मोदक वळायला बसलेल्या सगळ्या बायांसमोर म्हणाल्या, "अगो, माझ्या दोघांना जन्मल्यापासून क्रीम लावलं, बघ त्यांची कातडी. तू आळस केलास." सासूबाईंनी भर घातली, "अंगावर पाजताना बांगडे खाल्लेन, दुसरं काय!" मी आत गेले, रिकाम्या ट्यूबा आणल्या आणि पाटावर ओतल्या. उकड निवत गेली, कुणी बोलेना. बांगडाही पुढे सोडून बघितला. गाल होते तसेच.

आता हे वाचा. २०२० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनची 'बीप' चाचणी छापून आली. घरात ॲलर्जी असलेली १,३९४ बाळं, त्यातल्या निम्म्यांना पहिलं वर्षभर रोज मॉइश्चरायझर. दोन वर्षांची झाली तेव्हा लावलेल्यांत २३ टक्क्यांना इसब, न लावलेल्यांत २५. म्हणजे फरक नाहीच, उलट त्वचेचे संसर्ग लावलेल्यांत जरा जास्त. नॉर्वे-स्वीडनच्या मोठ्या अभ्यासातही क्रीमने इसब टळला नाही. काहींच्या त्वचेत ओल टिकवणारं फिलाग्रिन नावाचं प्रथिन जन्मतःच कमी असतं, ही उणीव आईवडिलांकडून येते. भावोजींना ना दमा ना शिंका, मग जाऊबाईंच्या पोरांची कातडी चांगली असण्यात क्रीमची कसली कर्तबगारी?

हां, दुसरी बाजूही आहे. आयर्लंडमध्ये ॲलर्जीच्या घरातल्या बाळांना पहिल्या चार दिवसांत सुरू करून दोन महिने क्रीम लावलं, तर वर्षाअखेर इसब कमी दिसला. २०२५ च्या अमेरिकेतल्या चाचणीतही दोन वर्षांनी लावलेल्यांत ३६ टक्क्यांना इसब, न लावलेल्यांत ४३, असा फरक आला, पण फायदा जास्त दिसला तो ज्यांच्या घरात ॲलर्जी नाही त्यांना. त्यामुळे लावायचं तर लावा, फक्त उद्या इसब उठला तर स्वतःला बोल लावू नका. आणि इसब झाल्यावर मात्र मॉइश्चरायझर हवंच, ती चैन नव्हे.

सासूबाईंच्या खोबरेलाशी माझं भांडण नाही, पण आपल्या दमट हवेत थापून लावलं की घामोळं उठतं. डाळीच्या पिठाने रगडणं, हंड्यातलं कढत पाणी आणि धुरी मात्र बंद. दम्याच्या घरात धूर कशाला? क्रीम डब्यातलं असेल तर बोटं घालू नका, स्वच्छ चमच्याने काढा. पिवळट खपल्या धरल्या किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. त्यांनी स्टेरॉइडचं मलम दिलं तर सांगतील तितकं, तितकेच दिवस लावा. आमच्याकडे सगळ्यांनी नाकं मुरडली ती त्या मलमाला, आणि गाल बरे झाले तेही त्यानेच.