कुस्ती बघत नसलास तरी फोलीपासून सुरुवात कर

कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही म्हणून अडून बसू नकोस. अमेरिकन कुस्तीगीर मिक फोलीचं आत्मचरित्र ‘हॅव अ नाइस डे’ (१९९९) सरळ उघड. अमेरिकन व्यावसायिक कुस्तीत निकाल आधीच ठरलेला असतो, एवढं माहीत असलं की बास. मार मात्र बराचसा खरा असतो. १९९४ साली म्युनिकमध्ये व्हेडरशी लढताना मान रिंगच्या दोरांत अडकली आणि फोलीचा उजवा कान जवळजवळ तुटून गेला. ते प्रकरण घाईत वाचू नकोस. १९९८ मध्ये अंडरटेकरने (हो, आपल्या ट्रम्प कार्डांतला तोच!) त्याला रिंगभोवतीच्या पिंजऱ्यावरून खाली फेकलं, ती लढत आधी यूट्यूबवर बघू नकोस. वाचून झाल्यावर बघ.

आता कुस्ती न बघणाऱ्यांनाही हे का आवडतं? प्रकाशकाने दिलेला लेखक बाजूला सारून फोलीने सगळं स्वतः, हाताने कागदावर लिहिलं. भाषा त्याचीच, विनोदही बहुतेक स्वतःवरच. कॉलेजात असताना शनिवार-रविवारी तो गाडी हाकत पेनसिल्व्हेनियात तालमीला जायचा आणि गाडीतच झोपायचा. माझ्या मते पुस्तकातली सर्वांत चांगली पानं तीच, कान-पिंजऱ्याची नव्हेत. न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं, ते काही फक्त कुस्तीवेड्यांच्या जोरावर नसावं.

मधली प्रवर्तकांची (लढती भरवणाऱ्यांची) भांडणं आणि मानधनाच्या कुरबुरी खुशाल चाळ. आवडलं तर पुढे ब्रेट हार्ट या दुसऱ्या कुस्तीगीराचं आत्मचरित्र ‘हिटमॅन’ घे. ते जास्त कडवट आहे, म्हणून दुसरं.