प्रत्येक युजरने कुठलं प्रॉडक्ट किती वेळा वापरलं, हे डेटामधून कसं मोजायचं?

तुमच्याकडे युजर, प्रॉडक्ट आणि वेळ असे तीन कॉलम आहेत आणि दर वापराला एक ओळ आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग मोजणी अर्ध्या मिनिटाची. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल (डेटाचा गोषवारा काढून देणारा तक्ता) घ्या, 'रोज'मध्ये (Rows, म्हणजे ओळींमध्ये) युजर, कॉलम्समध्ये प्रॉडक्ट, व्हॅल्यूजमध्ये पुन्हा युजर. युजर आयडी आकड्यांत असेल तर एक्सेल आपणहून बेरीज करून बसतं, तिथे 'काउंट' निवडा. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, युजर आणि प्रॉडक्ट दोन्हींवर ग्रुप बाय (गट पाडणं), आणि काउंट स्टार, म्हणजे COUNT(*), गटातल्या सगळ्या ओळी मोजणं. पायथॉनच्या पांडाज या डेटा हाताळायच्या लायब्ररीत ग्रुपबायनंतर साइझ वापरा. तिथलं काउंट रिकामे रकाने सोडून मोजतं.

खरी डोकेदुखी पुढे आहे: 'एकदा' म्हणजे काय?

महापेच्या आमच्या जुन्या ऑफिसात पँट्रीमध्ये चहा-कॉफीचं मशीन होतं. कार्ड लावलं की कप भरायचा आणि कार्ड नंबर, पेय, वेळ अशी नोंद व्हायची. कोण किती पितं ते अॅडमिनला हवं होतं. मी पाच मिनिटांत पिव्होट करून दिला आणि स्वतःवरच खूश झालो. संध्याकाळी अकाउंट्समधले एक काका प्रिंटआउट घेऊन टेबलाशी हजर. "अरे, मंगळवारी मी ४१ कॉफ्या प्यायलो? मग मी जिवंत कसा?"

मूळ डेटा उघडला, तर ४१ ओळी एकाच सेकंदाच्या. नेट गेलेलं, पोच मिळेना म्हणून मशीन तीच नोंद परत परत पाठवत राहिलेलं. तिन्ही कॉलम तंतोतंत सारखे असलेल्या ओळी काढल्यावर उरली एक कॉफी. पण 'एका मिनिटात एकच धरू' असला शहाणपणा करू नका. पाहुण्यासाठी घेतलेला दुसरा कप खराच असतो.

बिल काढायचं असेल तर कप मोजा. सवय बघायची असेल तर वेगवेगळे दिवस मोजा, म्हणजे तारखेवर काउंट डिस्टिंक्ट. दोन दिवसांत वीस कप पिणारा आणि वीस दिवस रोज एक पिणारा, दोघांची बेरीज वीसच.

दिवस मोजताना घड्याळ बघा. आमच्या नोंदी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत होत्या, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. नाइट शिफ्टवाल्याने बुधवारी पहाटे तीनला घेतलेला चहा मंगळवारी रात्री साडेनऊच्या नावावर. आधी साडेपाच तास मिळवा, मग तारीख काढा.

आणखी एक. ज्याने प्रॉडक्टला हातच लावला नाही, तो या यादीत दिसणारच नाही, कारण त्याची ओळच नाही. 'कोण वापरत नाही' हेही हवं असेल तर सगळ्या युजरच्या यादीला वापराचा टेबल लेफ्ट जॉइनने जोडा, म्हणजे वापर नसला तरी प्रत्येक युजर यादीत राहतो. इथे काउंट स्टार लावलात तर न वापरणाऱ्यापुढे शून्याऐवजी एक येईल, कारण जोडलेली रिकामी ओळही मोजली जाते. वापराच्या टेबलमधला कॉलम मोजा, म्हणजे शून्य येतं. मी हा 'एक' बरेच दिवस खरा वापर समजून चाललो होतो, रजेवर असलेल्या बाईंच्या नावावरही.

आणि एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळीच मावतात. तुमचा डेटा त्याच्या आसपास असेल तर पिव्होटच्या नादी न लागता सरळ एसक्यूएल उघडा.