पॉलिसल्फोन या प्लास्टिकची मेम्ब्रेन (गाळायचा पातळ पडदा), रेसिपी तीच, तरी कधी आत बोटांसारख्या पोकळ्या तर कधी स्पंज, असं का?

पॉलिमर तोच, प्रमाण तेच, हे तुम्ही लिहिलंत. खोलीतली हवा तीच होती का, ते नाही लिहिलं. माझं दुखणं तिथंच आहे भाऊ.

दर्यापूरकडच्या कॉलेजात शिकवता शिकवता मी पीएचडी केली. एनएमपी या द्रावकात 15 टक्के पॉलिसल्फोन विरघळवायचं, काचेवर 200 मायक्रॉनची फिल्म ओढायची आणि पाण्यात बुडवायची. मार्चपर्यंत सगळं झकास. मेमध्ये पारा 45 वर गेला, लॅबमध्ये कूलर लागला, आणि फिल्म पाण्यात जायच्या आधीच काचेवर दुधाळ व्हायला लागली. सेमचे (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे) फोटो काढून आणले, तर वरची दाट त्वचा गायब, उघडी भोकं, खाली नुसता स्पंज. गाईड सर शहरातल्या एसी लॅबमधून फोनवर म्हणाले, "तुमचं खारपाण पट्ट्यातलं पाणी, दुसरं काय!"

डोक्यात गेलं. आमच्या बोअरचं पाणी खारं आहे, मान्य. पण लिटरला 2 ग्रॅम क्षारांनी पाण्याची अ‍ॅक्टिव्हिटी (म्हणजे परिणामकारक प्रमाण) जेमतेम हजारात एकानं उतरते. तेवढ्यानं त्वचा जाते होय?

एक काच कूलरच्या झोतात धरली. मग कूलर बंद केला, दारं उघडली, अर्ध्या तासानं दुसरी ओढली. बोअरचं पाणी दोन्हींना तेच. पहिली मिनिटभरात ताकासारखी पांढरी, दुसरी बुडवेपर्यंत नितळ. डिस्टिल्ड पाण्यावरही तेच घडलं. एनएमपी हवेतली ओल ओढतो आणि कूलरची वुडवूल तीच ओल फेकत असते. वाफ हळूहळू शिरली की पॉलिमर सावकाश सुटतो, स्पंज होतो. नितळ फिल्म थेट पाण्यात गेली की एनएमपी आणि पाण्याची देवघेव क्षणात होते, वर त्वचा धरते आणि खाली बोटं धावतात.

कूलर बंद केल्यावर दुसरंच लचांड. टाकीचं पाणी तापलेलं, त्यामुळं बोटं पार तळापर्यंत. शेवटी रसवंतीवरून बर्फ आणला. 1960 च्या सुमारास लोएब आणि सौरिराजन हे मेम्ब्रेनचे संशोधक सेल्युलोज अ‍ॅसिटेटची फिल्म बर्फाच्या पाण्यातच बुडवत होते, हे मला फार उशिरा कळलं.

तुम्हाला बोटं नको असतील तर पॉलिमर 18-20 टक्क्यांवर न्या किंवा बाथमध्ये, म्हणजे बुडवायच्या पाण्यात, थोडा एनएमपी घाला. हायग्रोमीटर घ्या, दर काचेमागं आर्द्रता आणि बाथचं तापमान वहीत टिपा. गाईड पाण्याला दोष देत असतील तर त्यांच्यासमोरच दोन काचा ओढून दाखवा. मी फोनवर वाद घालत बसलो, तिथं चुकलो.

हे सगळं पॉलिसल्फोनचं. पीव्हीडीएफ हा दुसरा पॉलिमर असेल तर त्यात स्फटिकं होतात, तिथं माझा हिशोब जशाचा तसा लावू नका. आणि बाथला डिस्टिल्ड पाणीच घ्या, म्हणजे बोट दाखवायला जागा राहत नाही.

कूलरचा परिच्छेद सरांनी थीसिसमधून काढायला लावला. "हे घरगुती वाटतं" म्हणाले. दोन्ही काचांवरच्या फिल्म मी अजून ग्लिसरीनमध्ये ठेवल्यात.