खिडक्या कायम बंद, तरी घरात खोकला-सर्दी हटत नाही. घरातल्या हवेमुळे असं होतं का?

हो, होऊ शकतं. तुम्ही लिहिलंय की चेंबूरला दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके आहे, समोर बांधकाम चालू असल्यामुळे खिडक्या कायम लावलेल्या असतात. तरी सासूबाईंचा खोकला जात नाही, मुलगी सतत शिंकते आणि सकाळी उठल्यावर तुमचं डोकं जड असतं. मी इमारतींमधल्या वातानुकूलनाचं काम करते, डॉक्टर नाही. त्यामुळे सगळ्यात आधी एक सांगते: खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्या. ही तपासणी मोफत असते. मुंबईत राहून हे पुढे ढकलू नका.

आता हवेचं. पीएम २.५ म्हणतात ते हवेतले धुळीचे-धुराचे कण इतके बारीक असतात की स्लायडिंग खिडकीच्या फटींतूनही आत येतात. खिडकी लावल्यावर त्यातले काही अडतात, पण घरात तयार झालेलं बाहेर जायची वाटही बंद होते. आणि घरात काय कमी तयार होतं? गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, त्यानं दमेकऱ्यांचा त्रास वाढतो. बोंबील तळले, फोडणी करपली की धूर. संध्याकाळी उदबत्ती आणि धूप. पण या सगळ्यांत मला जास्त भीती वाटते ती डासांच्या कॉइलची. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं की एक कॉइल पूर्ण जळेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते. खिडक्या लावून रात्रभर कॉइल पेटवायची आणि तिथेच खोकणारं माणूस झोपवायचं, हे आज रात्रीपासून थांबवा. मच्छरदाणी लावा. ती कॉइलपेक्षा स्वस्तही पडते.

सकाळच्या जड डोक्याचं कारण बहुधा बेडरूममध्ये सापडेल. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा थंड करून फिरवत राहतो. बाहेर कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. दार-खिडकी लावून दोन-तीन माणसं रात्रभर झोपली की तो २००० च्या वर सहज जातो. तेवढ्यानं विषबाधा होत नाही, पण झोप नीट लागत नाही आणि डोकं जड होतं. शिवाय एकाला सर्दी झाली तर तीच हवा सगळ्यांच्या नाकातून फिरते. बेडरूमचं दार किलकिलं ठेवा आणि हॉलची एक खिडकी थोडी उघडी राहू द्या. एसीचं बिल थोडं वाढेल, वाढू द्या.

बाथरूमची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीत, उघडते का? तिथे कबुतरं असतील तर सोसायटीकडून डक्ट साफ करून जाळी मारून घ्या. विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काही जणांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे अ‍ॅलर्जीसारखी फुप्फुसांची सूज, होतो, त्यातून फुप्फुसं कायमची कडक होऊ शकतात. सासूबाईंच्या डॉक्टरांना कबुतरांबद्दल आवर्जून सांगा, कारण सगळेच ते विचारतात असं नाही. आणि बाथरूमच्या आत गॅस गीझर असेल तर तो आधी बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. बंद बाथरूममध्ये तो एकाच आंघोळीत जीव घेऊ शकतो.

या शहराला हे सगळं नवीन नाही. १८९६ मध्ये प्लेग आला, १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्तीत समुद्राचा वारा शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते काढले गेले. दोन इमारतींमध्ये किती जागा सुटली पाहिजे यासाठी ट्रस्टनं ६३.५ अंशांच्या कोनाचा नियमही केला, म्हणजे समोरच्या इमारतीच्या उंचीच्या साधारण निम्मी जागा मोकळी हवी. आणि शंभरहून जास्त वर्षांनी आपण गोवंडी-मानखुर्दला पुनर्वसनाच्या इमारती इतक्या चिकटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. तिथल्या वसाहतींचा २०१८ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या घरांत क्षयरोग जास्त दिसला. हे वाचून मला फार राग आला होता, अजूनही येतो. तुमच्या घराला निदान उघडता येणाऱ्या खिडक्या आहेत.

त्या वेळ बघून उघडा. हिवाळ्यात पहाटेची हवा साचलेली असते, तेव्हा नको. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, तेव्हा हवा बहुतेक दिवशी बरी असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर जवळच्या केंद्राचा आकडा बघा आणि समोर तोडफोड चालू नाही ना, तेही. स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते, म्हणून एका बाजूची उघडून भागत नाही. समोरासमोर वाट हवी. मुख्य दार उघडून सेफ्टी डोअर लावून ठेवलं तरी पुष्कळ फरक पडतो.

स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट गॅस पेटवण्याआधी लावा आणि स्वयंपाक झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. चिमणी असेल तर तिचा पाइप खरंच बाहेर जातो का ते बघा. पाइप नसेल तर ती तेल अडवते, गॅस तुमच्याकडेच परत सोडते. पावसाळ्यात आतल्या खोलीत कपडे वाळत घालू नका. भिंतीला बुरशी आली असेल तर गळती शोधा, वरून रंग मारून ती जात नाही.

एअर प्युरिफायर घ्यावा का, हेही तुम्ही विचारलंय. हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर असलेला, कण चांगले कमी करतो, पण कार्बन डायऑक्साइड किंवा कार्बन मोनॉक्साइड नाही. वरचं सगळं करूनही धूळ जाणवली तर सासूबाईंच्या खोलीपुरता घ्या. स्वयंपाकघराला बाहेरची भिंत आहे की फक्त डक्ट, आणि खिडक्या कोणत्या दिशेला आहेत ते कळवा, म्हणजे एक्झॉस्ट कुठे बसवायचा ते सांगते.